हरकतीपुरता नागरिक

मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने शहराचा सुधारित प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला आणि हरकती-सूचनांसाठी साठ दिवसांची मुदत दिली. मुदत संपली तेव्हा सुमारे पन्नास हजार अर्ज जमा झाले होते. या आकड्यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, शहर जागे आहे. दुसरा, ज्यांच्या घरांवरून, शेतांवरून आणि गल्ल्यांवरून आराखड्याच्या रेघा गेल्या, त्यांना त्या पहिल्यांदा दिसल्या त्या ओढून झाल्यावर. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत.

औद्योगिक पट्ट्यातली माणसे पाळीला जातात, हप्ते फेडतात, सुट्टीत गावी जातात. त्यांना शहराच्या कारभाराचे सोयरसुतक नसते, असा एक समज आहे. गेल्या पंधरा वर्षांत थेरगाव, रहाटणी, पुनावळे, चिखली, चऱ्होली, मोशी, आळंदी, चाकण इथे जे घडले ते पाहता हा समज टिकत नाही. इथले लोक रस्त्यावर उतरतात, कोर्टात जातात, माहिती अधिकारात कागद काढतात, नदीतली जलपर्णी हाताने उपसतात. सहभाग भरपूर आहे. मात्र त्यातला बहुतेक सहभाग काहीतरी थांबवण्यासाठी आहे. काय, कुठे आणि कसे व्हावे हे ठरवण्यात रहिवाशाला जागा मिळाल्याची उदाहरणे मोजकी आहेत. याचे खापर लोकांच्या स्वभावावर फोडण्याआधी कायद्याने आणि कारभाराने त्यांच्यासाठी कोणती दारे उघडी ठेवली आहेत, ते पाहायला हवे.

अनेक मालकांचे शहर

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि शेतीच्या गावांना कारखान्याचा भोंगा ऐकू येऊ लागला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झाले. त्याच दशकात टेल्को आणि आकुर्डीत बजाज आले, त्यांच्यामागून सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो लहान कार्यशाळा आल्या. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. १९९७ मध्ये चिखली, मोशी, चऱ्होली, तळवडे, रावेत, पुनावळे अशी भोवतालची गावे हद्दीत आली, पुढे २००९ मध्ये ताथवडे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर पोचली होती.

या वाढीवर एका संस्थेचा ताबा कधीच नव्हता. कामगारांना घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याने शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या आणि आखीव सेक्टर वसवले. प्राधिकरणात लोकांनी निवडून दिलेले सभागृह नव्हते. औद्योगिक भूखंडांवर एमआयडीसीचे नियोजन चालते. देहूरोडला कटक मंडळ आहे. दारूगोळा भांडाराभोवतीच्या रेडझोनचा निर्णय संरक्षण खात्याकडे आहे. २०१५ पासून हद्दीबाहेरच्या गावांसाठी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, आले. २०२१ मध्ये नवनगर प्राधिकरण बरखास्त होऊन त्याचा कारभार महापालिका आणि पीएमआरडीए यांच्यात वाटला गेला. त्यामुळे या पट्ट्यातल्या रहिवाशाचे पहिले काम असते ते आपला प्रश्न नेमक्या कोणत्या कार्यालयाचा, हे शोधण्याचे.

प्राधिकरणाचे भूखंड ज्यांना परवडले नाहीत त्या कामगारांनी थेरगाव, काळेवाडी, रहाटणी, रुपीनगर अशा भागांत शेतकऱ्यांकडून अर्धा-एक गुंठा घेतला आणि घर बांधले. व्यवहार बहुधा साध्या कागदावर झाला, परवानगी नाही, नकाशा मंजूर नाही. महापालिकेने पाणी दिले, वीज आली, कर आकारला, मतदार यादीत नाव चढले. घर मात्र अनधिकृतच राहिले. २००८ नंतरच्या अशा बांधकामांवर मिळकत कराच्या दुप्पट शास्तीकर बसला. तो माफ होण्याची घोषणा डिसेंबर २०२२ मध्ये आणि आदेश मार्च २०२३ मध्ये निघेपर्यंत जवळजवळ प्रत्येक निवडणूक या एका आश्वासनावर लढली गेली. या शहरातले लोक बाग, पदपथ, शाळा यांच्या नियोजनात फारसे का दिसत नाहीत, याचे एक उत्तर इथे आहे. ज्याचे घरच कागदावर नाही, त्याचा सगळा नागरी वेळ घर वाचवण्यात जातो.

कायद्याची दारे

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याच्या कलम २६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि लोकांकडून हरकती मागवल्या जातात. कलम २८ नुसार नियोजन समिती सुनावणी घेते. त्याआधी जमिनीच्या वापराचे सर्वेक्षण होते, सल्लागार नेमले जातात, लोकसंख्येचे अंदाज बांधले जातात, आरक्षणे पडतात. या टप्प्यांवर प्रभागातल्या लोकांना बोलावून ‘इथे काय कमी आहे’ असे विचारण्याचे बंधन कायद्यात नाही. चांगला अधिकारी असेल तर विचारतो. अर्जदाराला सुनावणीत मिळतात ती काही मिनिटे, आणि तीही त्याच्या गट क्रमांकापुरती. शेजारच्या वस्तीला मैदान उरले का, हा प्रश्न कोणाच्याच अर्जात बसत नाही.

दुसरे दार ७४ व्या घटनादुरुस्तीचे. ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. राज्याच्या कायद्यात या समित्यांवर नगरसेवकांबरोबर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये आठ क्षेत्रीय कार्यालये आहेत, म्हणजे २४ जागा. २०१८ मध्ये या जागा भरल्या गेल्या तेव्हा पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय लावली अशी टीका झाली. पंचवीस वर्षांनी उघडलेल्या दारातून आत गेले ते पुन्हा ओळखीचेच चेहरे.

तिसरे दार परिसर सभेचे. केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेचा निधी हवा असेल तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट होती. ती पुरी करण्यासाठी राज्याने २००९ मध्ये महापालिका कायद्यात परिसर सभेची कलमे घातली. काही सलग मतदान केंद्रांचा मिळून एक परिसर, त्यातले सगळे मतदार सदस्य, त्यांनी कामांचा प्राधान्यक्रम ठरवायचा, अशी ही कल्पना. निधी आला, रस्ते आणि बीआरटीचे मार्ग झाले. परिसर सभा कागदावर राहिली. २०१७ च्या निवडणुकीत चार नगरसेवकांचा एक प्रभाग झाला, ३२ प्रभागांतून १२८ नगरसेवक आले. अशा प्रभागात सभा भरवायची कोणी आणि तिथे उत्तर द्यायचे कोणी, हा प्रश्न आणखी अवघड झाला.

आणि मग सभागृहच उरले नाही. १३ मार्च २०२२ ला मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेतले बदल आणि न्यायालयातल्या तारखा यांत निवडणूक लांबत गेली. ती झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या जवळजवळ चार वर्षांत प्रशासकाने कारभार चालवला. याच काळात शहराने कर्जरोखे काढले, नदीकाठाचे प्रकल्प मार्गी लावले आणि पुढच्या वीस वर्षांचा आराखडा लोकांसमोर ठेवला. शहराचा सर्वांत मोठा नियोजनाचा निर्णय चर्चेला आला तेव्हा त्यावर बोलायला शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता. पन्नास हजार हरकतींमागे हेही एक कारण आहे: गल्लीतल्या माणसाला दुसरे कोणी सापडतच नव्हते.

थांबवण्याची ताकद

२०१७ च्या जूनमध्ये थेरगाव, रहाटणी, वाल्हेकरवाडी, चिंचवड परिसरातल्या घरांना नोटिसा आल्या. जुन्या आराखड्यातला ३० मीटर रुंदीचा उच्च क्षमता द्रुतगती मार्ग, लोकांच्या बोलण्यातला ‘रिंगरोड’, आता करायचा होता. आराखडा मंजूर झाला १९९५ मध्ये. मधल्या दोन दशकांत आरक्षणाच्या पट्ट्यावर वस्ती उभी राहिली. घर बचाव संघर्ष समिती स्थापन झाली, बाया-बापड्यांसह मोर्चे निघाले, उपोषणे झाली. समितीने नुसता विरोध केला नाही. मार्ग वळवता येईल का, कायद्यातली फेरबदलाची तरतूद वापरता येईल का, हे रहिवाशांनी अभ्यासून मांडले. नगररचनेची कलमे पाठ असलेले फिटर आणि रिक्षाचालक या आंदोलनाने तयार केले. रस्त्याचे मूळ रेखांकन अडले, घरे राहिली. प्रश्न पुरता सुटला मात्र नाही.

पुनावळेची गोष्ट वेगळ्या वर्गाची. तिथे कचरा डेपोचे आरक्षण जुने होते, त्यासाठी वनखात्याची जमीन घेण्याची प्रक्रिया वर्षानुवर्षे चालली. दरम्यान भोवती गृहसंकुले उभी राहिली आणि हिंजवडीत नोकरी करणारी कुटुंबे तिथे आली. २०२३ मध्ये झाडतोडीची आणि डेपोची हालचाल सुरू होताच सोसायट्यांचे रहिवासी आणि मूळ गावकरी एकत्र आले. एरवी पार्किंग, यात्रेचा मांडव, लाउडस्पीकर यांवरून एकमेकांशी तणतणणारी ही दोन गावे एका बाजूला उभी राहिली, ही या पट्ट्यात दुर्मीळ गोष्ट. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मंत्री उदय सामंत यांनी प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले.

२०२५ मध्ये चिखली आणि चऱ्होलीत नगररचना योजना, म्हणजे ‘टीपी स्कीम’, जाहीर झाली. जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि सुविधांचा वाटा काढायचा आणि उरलेले भूखंड मालकांना परत द्यायचे, अशी ही पद्धत आहे. तत्त्वतः ती भूसंपादनापेक्षा न्याय्य असू शकते, कारण बोजा एकट्यादुकट्यावर न पडता सगळ्यांत वाटला जातो. पण गावांना ती जाहिरातीतून कळली. जिथे आधीच घरे आणि गोठे आहेत तिथे भूखंड पुन्हा कसे पाडणार, याचे उत्तर मिळाले नाही. गावबैठका झाल्या, मोर्चा निघाला आणि योजना मागे घेण्यात आली. पाठोपाठ विकास आराखड्यातल्या मोशीच्या बाजूच्या कत्तलखान्याच्या आरक्षणाला, ते आळंदीजवळ म्हणून, वारकऱ्यांनी विरोध केला. आषाढीच्या सुमाराला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते वगळण्याचे जाहीर केले.

पीएमआरडीएच्या प्रारूप आराखड्याचेही हेच झाले. २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला, साठ हजारांहून अधिक हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने आराखडाच रद्द केला.

पुनावळे, चिखली-चऱ्होली, मोशी आणि पीएमआरडीए या चारही प्रकरणांचा निकाल कलम २८ च्या सुनावणीत लागला नाही. तो लागला मोर्च्यात, मंत्रालयात, अधिवेशनात किंवा मुख्यमंत्र्यांच्या घोषणेत. यातून नागरिक जे शिकतो ते गंभीर आहे. अर्जाला वजन नसते, गर्दीला असते. मुद्दा कितीही नेटका मांडा, आमदार मागे असेल तरच तो पुढे सरकतो. म्हणजे सहभागाची परिणती पुन्हा आश्रयातच होते. प्रशासनही उलटा धडा घेते: लोकांना आधी विचारले तर काम अडते, म्हणून शेवटी सांगा. दोघांचा अविश्वास एकमेकांवर पोसला जातो.

थांबवण्याची किंमत कोणीतरी मोजतेच. पुनावळेचा डेपो झाला नाही, पण शहराचा कचरा कमी झाला नाही. तो मोशीला जातच राहिला. २०२३ मध्ये तिथे कचऱ्यापासून वीज करण्याचा प्रकल्प सुरू झाला, तरी डेपोचे ओझे मोशी आणि परिसरावरच आहे. दोन ठिकाणांच्या लोकांना एका टेबलाशी बसवून ‘कचरा आपल्या सगळ्यांचा आहे, तो कुठे आणि किती वाटायचा’ असे विचारणारी व्यवस्था नसली, की जिंकलेल्या वस्तीचा प्रश्न गुपचूप हरलेल्या वस्तीच्या अंगणात जातो.

पाणी आणि नदी: हद्दीबाहेरचे शेजारी

हीच अडचण पाण्यात जास्त दाहक झाली. पवना धरणातून बंद जलवाहिनीने थेट शहरात पाणी आणण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ ला पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन जणांचा मृत्यू झाला. योजना पुढे बारा वर्षे स्थगित राहिली; २०२३ मध्ये स्थगिती उठली, वाद मिटला नाही. इकडे शहरात २५ नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झाले. ते तात्पुरते म्हणून सुरू झाले होते आणि मग अंगवळणी पडले.

सोसायट्यांचा सहभाग इथे टँकरच्या बिलातून सुरू झाला. महापालिकेचे पाणी पुरेसे येईपर्यंत पाण्याची सोय करण्याची हमीपत्रे बिल्डरांनी दिली होती. ती सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनी माहिती अधिकारात मिळवली आणि बांधकाम परवाने देण्याआधी पाणी मोजा, अशी मागणी केली. चिखली-मोशी भागातल्या सोसायट्यांचा महासंघ यातूनच बळकट झाला. मागणी रास्त आहे. पण शहराची तहान आणि मावळची शेती यांचा हिशेब एकत्र मांडणारी सभा आजवर भरलेली नाही. धरणाखालचा शेतकरी महापालिकेचा मतदार नाही आणि वाकडचा रहिवासी मावळच्या ग्रामसभेचा सदस्य नाही.

पवना, इंद्रायणी आणि मुळा या नद्यांच्या काठी लोकांचे श्रम मोठे आहेत. वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबने आणि इतर संस्थांनी पवनेची जलपर्णी काढण्यासाठी रविवारमागून रविवार श्रमदान केले. आळंदीत इंद्रायणीवर फेस आला की वारकरी, विद्यार्थी आणि पर्यावरण कार्यकर्ते आवाज उठवतात. पण जलपर्णी आणि फेस ही लक्षणे आहेत. सांडपाणी येते चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या गावांतून, लहान उद्योगांतून आणि शहरातल्या नाल्यांतून. म्हणजे ग्रामपंचायत, नगरपरिषद, एमआयडीसी, पीएमआरडीए, महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ इतक्या कार्यालयांच्या हद्दीतून. श्रमदानासाठी लोकांना आवर्जून बोलावले जाते. मुळेच्या काठाचे सुशोभीकरण कसे असावे, किती झाडे तोडावीत, पात्र किती अरुंद करावे, हे ठरवताना बोलावणे येत नाही. २०२५ मध्ये पिंपळे निलख आणि पलीकडच्या बाणेरच्या काठावर लोक झाडांना बिलगून उभे राहिले, तेव्हा निविदा निघून गेल्या होत्या.

चिखलीतल्या इंद्रायणीकाठच्या ३६ बंगल्यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. निळ्या पूररेषेत भूखंड पाडून विकले गेले, बंगले झाले. नागरिकाच्या तक्रारीवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ते पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि १७ मे २०२५ ला बुलडोझर चालले. एका नागरिकाच्या दक्षतेने नदी वाचली आणि ३६ कुटुंबांची आयुष्याची कमाई गेली. पूररेषेचा नकाशा चावडीवर, दुय्यम निबंधकाच्या दारात आणि खुद्द जागेवर ठळक लावलेला असता, तर दोन्ही पक्षांवर ही वेळ आली नसती. नियोजनातल्या सहभागाची सुरुवात अशी साध्या, दिसणाऱ्या माहितीतून होते.

चाकण: ग्रामसभेतून महापालिकेकडे

इंद्रायणी ओलांडून नाशिक रस्त्याने वर गेले की सहभागाचा वेगळा कायदा लागू होतो. महाळुंगे इंगळे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, सावरदरी, वासुली, खालुंब्रे ही गावे कारखान्यांनी वेढलेली असली तरी ग्रामपंचायतीच आहेत. बजाजचा कारखाना इथे १९९९ मध्ये आला. पुढे फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र आले. चाकणची लोकसंख्या २०११ मध्ये ४१ हजारांच्या आसपास होती; २०१५ मध्ये तिथे नगरपरिषद झाली.

ग्रामसभा हे आपल्याकडचे थेट लोकशाहीचे सर्वांत जुने आणि कायद्याने भक्कम रूप. वर्षातून किमान चार सभा घ्याव्याच लागतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी संख्या पुरते. लाभार्थी निवडणे, विकास आराखडा मंजूर करणे, खर्चाचा जाब विचारणे हे अधिकार तिला आहेत. शहरातल्या कोणत्याही सोसायटीला महापालिकेपुढे इतके अधिकार नाहीत. तरीही चाकण पट्ट्यात ग्रामसभेची पकड ढिली आहे, कारण गावाचे भवितव्य ठरवणारी जमीन तिच्या हातात नाही. औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी हेच विशेष नियोजन प्राधिकरण आहे, उरलेल्या जागेवर परवानग्या पीएमआरडीए देते आणि महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. गावाकडे उरतात गल्लीतले काँक्रीट, पाण्याची टाकी, स्मशानभूमी, आणि कंपन्यांमधले भंगार, वाहतूक, कॅन्टीन, मजूर पुरवठा यांच्या ठेक्यांचे राजकारण. ग्रामपंचायतीची निवडणूक इथे अटीतटीची होते त्यात गावकीच्या मानाबरोबर या ठेक्यांचाही वाटा असतो.

या विस्कटलेपणाचे दृश्य रूप म्हणजे वाहतूक कोंडी. पुणे-नाशिक आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर हे दोन महामार्ग चाकणच्या तळेगाव चौकात एकमेकांना छेदतात. कामगारांच्या बस, कंटेनर, शाळेच्या गाड्या, शेतमालाचे टेम्पो सगळे त्याच चौकात. नाशिक फाटा ते खेड या उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. ८ ऑगस्ट २०२५ ला तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि पालकमंत्री अजित पवार यांनी भल्या पहाटे चाकणची पाहणी केली आणि चाकणसाठी स्वतंत्र महापालिका करावी लागेल, असे सांगितले. ऑक्टोबरमध्ये नागरिकांनी कोंडीमुक्तीसाठी आकुर्डीतल्या पीएमआरडीए कार्यालयावर मोर्चा नेला. आपल्या चौकाविषयी बोलण्यासाठी माणसांना त्याच कोंडीतून आकुर्डी गाठावी लागली.

महापालिका झाली तर एका कार्यालयाकडे बोट दाखवता येईल, हा मोठा लाभ. हिंजवडीतल्या रहिवाशांनी पिंपरी-चिंचवडमध्ये विलीन करा म्हणून मोहीम चालवली तीही याच आशेने. मात्र एक तोटा फारसा बोलला जात नाही. ज्या दिवशी गाव महापालिकेत जाते त्या दिवशी त्याची ग्रामसभा संपते. शंभर लोकांच्या हजेरीत सरपंचाला जाब विचारण्याचा हक्क जातो आणि बदल्यात चौघांच्या प्रभागातला चौथा भाग मिळतो. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या गावांना विचारले तर पाणी-रस्ते मिळाल्याचे ते सांगतील, आणि आरक्षणे पडली तेव्हा विचारले नाही हेही सांगतील. परिसर सभा खऱ्या अर्थाने चालू झाल्याखेरीज नवी महापालिका म्हणजे लोकशाहीच्या हिशेबात अर्धी बढती, अर्धी पदावनती.

ज्यांच्या नावावर काहीच नाही

या सगळ्या आढाव्यात सर्वांत मोठा समूह जवळजवळ गैरहजर आहे. चाकण, महाळुंगे, भोसरी, चिखली इथे चार-पाच जणांत एक खोली घेऊन राहणारे कंत्राटी कामगार. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेले, आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले. मतदार यादीत नाव गावाकडे, भाडेकरार तोंडी, काम ठेकेदाराकडे. हरकतीच्या अर्जाला गट क्रमांक लागतो, तो यांच्याकडे नाही. ग्रामसभेला मतदार असावे लागते, ते हे नाहीत. सोसायटीच्या महासंघाला सदनिका लागते. सार्वजनिक शौचालय, रात्रपाळीची बस, पदपथावरचा दिवा, दवाखान्याची वेळ यांची गरज सर्वांत जास्त ज्यांना आहे तेच कोणत्याही यादीत नाहीत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत महापालिकेने भंगाराची गोदामे आणि लहान उद्योगांची चार हजारांवर बांधकामे पाडली. अनधिकृत बांधकामे, आगीच्या घटना आणि प्रदूषण ही कारणे खरी होती. पण तिथल्या कामगारांची आणि भाडेकरू उद्योजकांची बाजू ऐकण्यासाठी जमीनमालकापलीकडे पाहणारी कोणतीही प्रक्रिया नव्हती. आपल्या नागरी सहभागाला मालकीची चौकट आहे. जो मालक तोच रहिवासी, हे गृहीतक जुन्या गावात चालून गेले असेल. जिथे कामगाराची अर्धी हयात भाड्याच्या खोलीत जाते तिथे ते चालत नाही. ‘गाववाले’ आणि ‘बाहेरचे’ ही भाषा याच गृहीतकावर उभी आहे, आणि ती ठेकेदारीच्या राजकारणाला सोयीची आहे.

जे चालले ते

नुसते अपयश मोजणे अन्यायाचे होईल. १५ ऑगस्ट २०१३ ला तत्कालीन आयुक्त श्रीकर परदेशी यांच्या काळात ‘सारथी’ हेल्पलाइन सुरू झाली. कोणता दाखला कुठे मिळतो, तक्रार कोणाकडे करायची, याचे उत्तर फोनवर मिळू लागले. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली तेव्हा तिच्या विरोधात लोक रस्त्यावर आले. मार्च २०२२ पासून क्षेत्रीय कार्यालयांत सोमवारी जनसंवाद सभा सुरू झाल्या. नगरसेवक नसलेल्या काळात ती एक खिडकी उघडी राहिली. पहिला मेट्रो मार्ग पिंपरीत महापालिका भवनापाशीच थांबत होता. तो निगडीपर्यंत न्यावा म्हणून पिंपरी-चिंचवड सिटिझन्स फोरम आणि इतर संस्थांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या साडेचार किलोमीटरच्या विस्ताराला केंद्राची मंजुरी मिळाली. काही थांबवण्यासाठी नसलेली, काही घडवण्यासाठी केलेली ही मोहीम म्हणून तिचे महत्त्व वेगळे आहे.

अंदाजपत्रकातला सहभागही इथे आहे. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये सुरू झालेली ही पद्धत पुणे महापालिकेने २००६ मध्ये आणली, पिंपरी-चिंचवडनेही ती स्वीकारली. नागरिकांनी अर्ज भरून आपल्या भागातली कामे सुचवायची. पोर्तो अलेग्रेत वस्त्यांच्या सभांत लोक आपापसांत वाद घालून प्राधान्यक्रम ठरवत. आपल्याकडे प्रत्येक जण एकटा अर्ज भरतो आणि निवड अधिकारी करतो. केरळने १९९६ च्या लोकयोजनेत राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे दिला आणि मग लोकांना सभेला बोलावले. पैसा खाली आला म्हणून माणसे आली. पिंपरी-चिंचवडचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक केंद्र-राज्य योजनांसह साडेनऊ हजार कोटींवर होते. त्यात नागरिकांनी सुचवलेल्या गटारीच्या झाकणांचा, बाकांचा आणि गतिरोधकांचा हिस्सा शोधावा लागतो.

सारथी आणि जनसंवाद यांनी तक्रारीची सोय चांगली केली. तक्रार म्हणजे झालेल्या कामातली चूक सांगणे. नियोजन म्हणजे काम होण्याआधी बोलणे. पहिल्यात हे शहर राज्यातल्या अनेक शहरांपेक्षा पुढे आहे. दुसऱ्यात ते १९६६ च्या कायद्यापाशी थांबले आहे.

पुढची कामे

यासाठी नवी घटनादुरुस्ती नको. परिसर सभेची कलमे सतरा वर्षांपासून कायद्यात आहेत. राज्य सरकारने नियम आणि हद्दी नक्की करून त्या भरवायच्या आहेत, आणि सदस्यत्व मतदारापुरते न ठेवता तिथे राहणाऱ्या भाडेकरूलाही बोलण्याचा हक्क द्यायचा आहे. महापालिकेत आता निवडून आलेले सभागृह आहे. प्रभाग समित्यांवरच्या २४ जागा कोणाला मिळतात, यावरून त्या सभागृहाची नियत कळेल. विकास आराखड्याच्या हरकतींवर जे निर्णय होतील त्यांची कारणे प्रभागवार, मराठीत आणि नकाशासह जाहीर व्हावीत. अर्ज का फेटाळला हे कळले तर पुढच्या वेळी मोर्च्याऐवजी अर्ज करावासा वाटेल. चाकणची महापालिका होणार असेल तर तिच्या अधिसूचनेबरोबरच गावागणिक परिसर सभांची रचना ठरावी, म्हणजे ग्रामसभा संपताना तिच्या जागी काहीतरी उभे असेल. इंद्रायणीच्या सगळ्या काठांसाठी एक सामाईक मंच हवा, ज्यात आळंदीचा वारकरी, चाकणचा उद्योजक, चिखलीची सोसायटी आणि मावळचा शेतकरी एकाच आकड्यांवर भांडतील.

लोकांकडूनही एक अपेक्षा आहे. घर वाचले, डेपो हटला, आरक्षण उठले की समित्या विरून जातात. पुनावळेत गाव आणि सोसायट्या यांची जी एकी झाली तिने पुढे शहराच्या कचऱ्याचा पर्यायी आराखडा मांडला असता, तर तो मोशीच्या बाजूनेही उभा राहिला असता. थेरगाव-रहाटणीच्या रहिवाशांनी नगररचनेचा जो अभ्यास केला तो प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या प्रभाग समितीला उपयोगी पडावा असा आहे. नियोजन समजणारी माणसे या पट्ट्यात आंदोलनांनीच घडवली आहेत. त्यांना साठ दिवसांच्या मुदतीत हरकतदार म्हणून रांगेत उभे करायचे, की पहिल्या सर्वेक्षणापासून टेबलाशी बसवायचे, याचे उत्तर नव्या सभागृहाला पुढचा आराखडा येण्याआधी द्यावे लागेल. ते दिले नाही, तर तेव्हाच्या हरकतींचा आकडा पन्नास हजारांहून मोठा असेल आणि त्याला पुन्हा सहभाग म्हटले जाईल.